कोंबडीला मारणारा साल्मोनेला आणि माणसाला पाडणारा

कडोलीत एका काकूंच्या परसात गिरिराजा जातीच्या कोंबड्यांची पिल्लं एकामागून एक मरत होती. बुडाला पांढरा चिकट मळ वाळून घट्ट बसलेला, पंख ढिले, डोळे मिटलेले. "डॉक्टर, पिल्लं मरायल्यात. मग कोंबड्यांची अंडी पोरांना द्यायची की न्हाई?" त्यांचा प्रश्न रास्त होता, पण त्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या होत्या.

साल्मोनेला हे जंतूंच्या एका मोठ्या घराण्याचं नाव. त्यात अडीच हजारांवर प्रकार आहेत, पण कोंबडी पाळणाऱ्याला चार नावं पुरतात. पुलोरम आणि गॅलिनॅरम ही एक जोडी, एन्टेरिटिडिस आणि टायफिम्युरियम ही दुसरी. पहिली जोडी कोंबडीच्या जिवावर उठते, माणसाला सहसा काही करत नाही. दुसरी मोठ्या कोंबडीच्या आतड्यात गुपचूप राहते. कोंबडी खाते, पिते, अंडी देते. आणि ते अंडं अर्धकच्चं खाणाऱ्याला ताप, उलट्या, हगवण लागते. काकूंची पिल्लं पुलोरमनं मरत होती.

पुलोरम बहुतेक पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच पिल्लं उचलतो. गॅलिनॅरम मोठ्या कोंबडीलाही सोडत नाही: तुरा फिका पडतो, हगवण हिरवट-पिवळी होते, मेलेली कोंबडी उघडली तर काळीज (यकृत) सुजलेलं आणि काशासारख्या रंगाचं दिसतं. हिरवी हगवण दिसली की आपल्याकडं लगेच मानमोडी (राणीखेत) म्हणतात. मानमोडीचा विषाणू वेगळा, आणि त्याची लस साल्मोनेलाला अडवत नाही. "लस दिली तरी मर लागली" या तक्रारीमागं कधी कधी हेच असतं.

एकाच घराण्यातले जंतू इतके वेगळे का वागतात, हे कोंबडीच्या प्रतिकारशक्तीकडं पाहिलं की कळतं, आणि मला हा भाग फार मोलाचा वाटतो. दुसऱ्या जोडीतल्या जंतूंना पोहायला शेपटीसारखे धागे असतात. आतड्याच्या पेशी ते धागे ओळखतात आणि हाकाटी होते. रक्तातल्या हेटेरोफिल नावाच्या पेशी धावून येतात (माणसात हे काम न्यूट्रोफिल करतात), दाह होतो आणि जंतू बहुतांशी आतड्यातच अडकून राहतो. पुलोरम आणि गॅलिनॅरमला हे धागेच नाहीत. त्यामुळं आतड्यात फारशी आरडाओरड न होता ते आत शिरतात आणि जंतू गिळणाऱ्या पेशींच्या पोटातच बसून यकृत आणि प्लीहेपर्यंत पोचतात.

पुलोरमची खरी चलाखी पुढं आहे. वाचलेलं पिल्लू मोठं होतं, धडधाकट दिसतं. जंतू मात्र त्याच्या प्लीहेत महिनोन् महिने दबून असतो. तलंग अंड्यावर येते त्या काळात तिच्या टी-पेशींचा (लपलेल्या जंतूंना दाबून ठेवणाऱ्या पेशींचा) जोर काही आठवडे उतरतो. नेमकी तीच वेळ साधून जंतू वाढतो, अंडाशयात आणि अंडनलिकेत उतरतो. तिच्या अंड्यातून निघालेलं पिल्लू रोग घेऊनच जन्मतं. नरात हा उतार येत नाही, म्हणून हा वारसा आईकडूनच चालतो.

एन्टेरिटिडिसही अंड्याच्या आत पोचू शकतो, शिवाय विष्ठेतून टरफलाला लागतो. पहिल्या काही दिवसांच्या पिल्लाला तोही मारू शकतो, कारण त्याच्या आतड्यात अजून चांगल्या जंतूंची वस्ती झालेली नसते. १९७३ मध्ये फिनलंडच्या नुर्मी आणि रांताला यांनी दाखवलं, की मोठ्या कोंबडीच्या आतड्यातले जंतू पिल्लांना पाजले तर साल्मोनेलाला जागा मिळत नाही. खुडूक कोंबडीखाली वाढलेल्या पिल्लाला ही शिदोरी आईकडून मिळते. हॅचरीतून खोक्यात आलेलं पिल्लू आईला कधी भेटतच नाही.

ओळखायचं कसं? फरशीच्या तुकड्यावर कोंबडीच्या रक्ताचा एक थेंब आणि रंगीत अँटिजेनचा (मेलेले जंतू रंगवून केलेल्या द्रावणाचा) एक थेंब मिसळतात. दोन मिनिटांत गुठळ्या झाल्या तर कोंबडी पुलोरमची वाहक असू शकते. पण एन्टेरिटिडिसचं अंग वरून गॅलिनॅरमसारखंच असल्यानं त्यालाही गुठळ्या होतात, आणि ९आर ही गॅलिनॅरमवरची लस दिलेल्या कोंबडीतही कधी कधी होतात. म्हणून लसीची तारीख पशुवैद्याला आधी सांगा. त्याच सारखेपणाचा फायदाही आहे: हीच ९आर लस एन्टेरिटिडिसलाही काही प्रमाणात रोखते. ती जिवंत लस आहे, त्या दिवसांत पाण्यातून अँटिबायोटिक चालू असेल तर ती मरून जाते. अँटिबायोटिकनं मर थांबते, वाहक मात्र राहतात. पुलोरमच्या वाहक कोंबड्या शोधून काढून टाकणं हाच इलाज आहे.

काकूंना मी सांगितलं: औषध चालू आहे तोवर आणि नंतर पशुवैद्य सांगतील तितके दिवस अंडी खाऊ नका, विकू नका. एरवी पोरांना द्याल ते अंडं पिवळं घट्ट होईपर्यंत उकडा, कोंबडी निरोगी दिसत असली तरी. आणि त्या कोंबड्यांचं एकही अंडं खुडकीखाली ठेवू नका.