सेल्फ फिरत नाही: दोष बॅटरीचा की वाटेचा?

जुनी फियाट ११०० किंवा अ‍ॅम्बॅसेडर सकाळी सेल्फ (इंजिन सुरुवातीला फिरवणारी मोटर) मारल्यावर नुसती ‘टक्’ करून गप्प बसली, की संशय थेट बॅटरीवर जातो. बॅटरी बदलली जाते, गाडी काही दिवस झकास चालते आणि मग पुन्हा तेच. कारण नवी बॅटरी पूर्ण भरलेली येते आणि खरा दोष काही काळ झाकून ठेवते. काहीशे रुपयांचा मल्टिमीटर (व्होल्ट मोजणारा मीटर) लावून पाहिल्याशिवाय जुन्या गाडीची बॅटरी बदलूच नये, असं माझं ठाम मत आहे.

१८५९ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ गॅस्तों प्लाँते यांनी बनवलेली शिसं आणि अ‍ॅसिडची बॅटरी मूळ रसायनात आजही तशीच आहे. बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल, प्रत्येकाचे साधारण २.१ व्होल्ट. म्हणून रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत भरलेली बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते. १२.२ म्हणजे निम्मी उतरलेली, ११.९ च्या खाली जवळजवळ रिकामी. गाडी नुकतीच फिरवून आणली असेल तर हा आकडा फसवा असतो. अशा वेळी हेडलाइट एक-दोन मिनिटं लावून बंद करावेत, थोडं थांबावं आणि मग मोजावं.

बॅटरी उतरते तेव्हा पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेट जमतं आणि अ‍ॅसिड पातळ होत जातं. झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर हायड्रोमीटर (द्रवाची घनता मोजणारी नळी) प्रत्येक सेलमधलं अ‍ॅसिड किती पातळ झालंय हेच सांगतो. सहापैकी पाच सेल सारखे आणि एक खूप खाली असेल, तर तो सेल गेला. महिनोन्‌महिने न फिरणाऱ्या गाडीचं दुखणं वेगळं असतं. उतरलेल्या अवस्थेत बॅटरी पडून राहिली की सल्फेटचे बारीक कण मोठे आणि कडक होतात, प्लेटचा पृष्ठभाग व्यापतात आणि चार्जिंग केलं तरी विरघळत नाहीत. अशी बॅटरी चार्जरवरून काढल्यावर १२.६ दाखवू शकते, पण सेल्फ मारला की कोसळते. म्हणून खरी परीक्षा भाराखालीच घ्यायची.

इग्निशन कॉइलची बारीक तार काढून ठेवा, म्हणजे इंजिन सुरू होणार नाही. मीटरची टोकं बॅटरीच्या दोन्ही खुंट्यांवर धरा आणि कुणाला तरी काही सेकंद सेल्फ मारायला सांगा. आकडा ९.६ च्या खाली गेला, तर बॅटरी उतरलेली तरी आहे किंवा संपलेली तरी. पूर्ण चार्ज करून पुन्हा तपासा. आकडा साडेअकराच्या आसपास टिकून आहे आणि तरीही सेल्फ रडत फिरतोय, तर बॅटरी निर्दोष आहे. वीज वाटेत कुठेतरी अडते आहे, नाहीतर सेल्फमध्येच बिघाड आहे.

वाट अडते म्हणजे काय, हे ओहमच्या नियमाने (व्होल्ट = अँपिअर × ओहम) फार सुंदर उलगडतं. समजा बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरट-हिरवट थर चढला आणि त्या जोडणीत फक्त ०.०१ ओहम रोध आला. पाच अँपिअर ओढणाऱ्या दिव्याला त्याचा पत्ताही लागत नाही, कारण घट होते ०.०५ व्होल्टची. सेल्फ मात्र १५० अँपिअर ओढतो आणि त्याच जोडणीत दीड व्होल्ट हरवतो. ‘दिवे तर लख्ख लागतात, मग सेल्फ का नाही?’ या प्रश्नाचं उत्तर बहुधा इथे असतं. त्या क्षणी जोडणीत २२५ वॉट उष्णता तयार होते, त्यामुळे सेल्फ मारून झाल्यावर खराब जोडणी हाताला चक्क गरम लागते.

माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित वाट अर्थिंगची, म्हणजे बॉडीमधून बॅटरीकडे वीज परत नेणाऱ्या जोडणीची. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, त्यामुळे इंजिन आणि बॉडी यांना विजेच्या दृष्टीने जोडते ती फक्त एक विणलेली तांब्याची पट्टी. ती गंजली किंवा तुटली की वीज दुसरी वाट शोधते आणि चोक किंवा अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधून जाऊ लागते. केबल तापते, कधी धूरही येतो. तपासणी सोपी आहे. मीटरचं एक टोक बॅटरीच्या अर्थ असलेल्या खुंटीवर (क्लॅम्पवर नव्हे), दुसरं सेल्फच्या उघड्या धातूवर, आणि सेल्फ मारायचा. साधारण ०.३ व्होल्टपेक्षा जास्त आलं तर अर्थिंग साफ करा. आपल्याकडे किनारपट्टीच्या खाऱ्या, दमट हवेत दर पावसाळ्यानंतर हे करण्यासारखं आहे. मॉरिस मायनरसारख्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असतं, हेही आधी पाहून घ्या.

आता चार्जिंग. फॅन बेल्ट अंगठ्याने दाबून पाहा. साधारण अर्ध्या इंचापेक्षा जास्त आत गेला तर आधी तो ताणा. मग इंजिन जरा वेगात ठेवून बॅटरीवर मोजा. चौदाच्या आसपास आकडा असेल तर ठीक. तेराच्या खाली राहत असेल तर चार्जिंग होत नाही. पंधराच्या वर जात असेल तर रेग्युलेटर (चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारा भाग) बिघडला आहे आणि बॅटरीचं पाणी उकळून उडतंय.

चालत्या गाडीत वीज बनवतो तो जुन्या गाड्यांत डायनामो, नंतरच्या गाड्यांत अल्टरनेटर. डायनामोच्या गाडीत मात्र त्याचा एक स्वभावच दोष समजला जातो. इंजिन मंद चालू असताना डायनामो जवळजवळ काहीच देत नाही आणि डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा लाल दिवा लुकलुकतो. याचं कारण रचनेत आहे. डायनामोत वीज तयार होते ती फिरणाऱ्या आर्मेचरमध्ये. तांब्याच्या जड गुंडाळ्या फार वेगाने फिरवल्या तर निखळतील, म्हणून पुली मोठी ठेवून वेग आवरावा लागतो. अल्टरनेटरमध्ये वीज देणाऱ्या गुंडाळ्या स्थिर असतात आणि हलकं चुंबक फिरतं, त्यामुळे तो इंजिनपेक्षा दुप्पट-तिप्पट वेगाने फिरवता येतो. सिलिकॉन डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) स्वस्त झाल्यावर १९६० च्या दशकात तो सर्रास गाड्यांत आला. पावसाळी रात्री, हेडलाइट आणि वायपर चालू ठेवून सिग्नलमागून सिग्नल पार करणारी डायनामोची गाडी बॅटरीवरच चालत असते. ती उतरली म्हणून डायनामो उघडायची घाई नको.

इंजिन वेगात असूनही लाल दिवा जात नसेल तर डायनामोतले कार्बन ब्रश झिजलेत का, ते ज्यावर घासतात तो तांब्याचा कम्युटेटर काळा पडलाय का ते पाहायचं. एक कारण अगदी विलक्षण आहे. डायनामो सुरू होतो तो त्याच्या लोखंडात उरलेल्या किंचित चुंबकत्वावर. त्यातून दोनेक व्होल्ट निर्माण होतात, ते फील्डच्या (चुंबक तयार करणाऱ्या) गुंडाळीला मिळतात, चुंबक बळावतं आणि व्होल्टेज चढत जातं. गाडी वर्षानुवर्षं उभी राहिली किंवा डायनामो खोलून जोडला, तर हे उरलेलं चुंबकत्व नाहीसं होतं किंवा उलटं होतं. बॅटरीचा क्षणभर स्पर्श देऊन ते परत आणता येतं. मात्र तार कुठे लावायची हे डायनामोच्या प्रकारावर ठरतं, म्हणून हे काम जाणत्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावं.

इंजिन चालू असताना बॅटरीचं टर्मिनल काढून ‘चार्जिंग आहे का’ पाहायची जुनी खोड अल्टरनेटरच्या गाडीत तर कटाक्षाने टाळा. अचानक उसळलेल्या व्होल्टेजने डायोड जळतात. शिवाय चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि त्याला एक ठिणगी पुरते. तपासणीसाठी टर्मिनल काढायचं ते इंजिन बंद करून, आधी अर्थचं, आणि लावताना अर्थचं सगळ्यात शेवटी.

हे सगळं ठीक असूनही रात्रीतून बॅटरी उतरत असेल, तर उभ्या गाडीत वीज कोण पितंय ते शोधायचं. सगळं बंद करून अर्थचं टर्मिनल काढा आणि ते व बॅटरीची खुंटी यांच्यात बारा व्होल्टचा छोटा बल्ब जोडा. तो लख्ख पेटला तर एकेक फ्यूज काढत जा. विझला की वाट सापडली. डिकीतला विसरलेला पाच वॉटचा दिवा दिवसाला दहा अँपिअर-तास खातो, म्हणजे चाळीस अँपिअर-तासांची बॅटरी चार दिवसांत रिकामी. सगळे फ्यूज काढूनही बल्ब पेटलेलाच राहिला, तर डायनामोची जाड तार सोडवून बघा. विझला तर कटआऊटचे (डायनामो थांबला की त्याला बॅटरीपासून तोडणाऱ्या स्विचचे) पॉइंट चिकटले आहेत आणि बॅटरी उलट डायनामोतच रिकामी होते आहे.