जुना लॅपटॉप विकताना: घसारा वेगळा, भाव वेगळा

"साठ हजारांना घेतला होता. चार वर्षं झाली. चाळीस टक्क्यांनी घसारा काढला की पावणेआठ हजार येतात. बरोबर ना?"

हा प्रश्न मला कोणी ना कोणी विचारतच असतं. विचारणारा बहुधा कॉमर्सचा असतो, बँकेतून निवृत्त झालेला असतो किंवा सोसायटीचा खजिनदार असतो. गणित चोख असतं. ६०,००० चे पहिल्या वर्षाअखेर ३६,०००, मग २१,६००, मग १२,९६०, मग ७,७७६. नाव ठेवायला जागा नाही. फक्त ते लॅपटॉपच्या भावाचं गणित नाही.

घसारा म्हणजे वस्तूची हिशेबाच्या पुस्तकातली किंमत दर वर्षी ठरल्या दराने कमी करत जाणं. विचारणाऱ्यांना तो माझ्यापेक्षा जास्त कळतो, म्हणून भराभर उरकतो. आयकरात संगणकाला घटत्या शिलकीवर ४० टक्के. एप्रिल २०१७ पूर्वी ६० होते. घेतला त्या वर्षात १८० दिवसांहून कमी वापर झाला तर त्या वर्षी निम्मा. कंपनी कायदा २०१३ च्या दुसऱ्या अनुसूचीत डेस्कटॉप-लॅपटॉपचं आयुष्य ३ वर्षं धरलंय, सर्व्हरचं ६. या सगळ्यातून उत्तर मिळतं ते एकाच प्रश्नाचं: झालेला खर्च कुठल्या वर्षाच्या माथी किती मारायचा? दर ठरवणाऱ्यांनी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या संगणक बाजारात जाऊन चौकशी केलेली नसते, आणि करायची गरजही नसते. पंचवीस हजारांचा कामचलाऊ लॅपटॉप असो की दोन लाखांचा मॅकबुक, टक्का तोच.

बाजाराचा प्रश्न निराळाच आहे. समोरच्याच्या खिशात जे पैसे आहेत, त्यात आज त्याला दुसरं काय मिळतं? बस्स. तुम्ही किती दिले होते, कधी दिले होते, किती जपून वापरलात, यातलं काहीही त्या प्रश्नात नाही. सोनं मोडताना हे आपल्याला न सांगता कळतं: आजचा भाव धरायचा, घडणावळ गेली. लॅपटॉप विकायला काढला की मात्र तीच माणसं जुनी पावती हुडकायला लागतात.

या दोन आकड्यांचा संबंध किती सैल आहे हे बघायचं तर लेनोवोच्या थिंकपॅड लॅपटॉपची एक जोडी घ्या. टी४७० आणि टी४८०, २०१७ आणि २०१८ ची मॉडेलं. शेजारी ठेवली तर दिसायला जवळजवळ जुळी. एखाद्या ऑफिसने वर्षभराच्या अंतराने दोन्ही घेतली असतील तर पुस्तकात दोघांची शिलक आज चिल्लर आहे, फरक नगण्य. पण टी४७० मध्ये साधारण इंटेलच्या प्रोसेसरची ७वी जनरेशन, म्हणजे पिढी, आणि टी४८० साधारण ८व्या जनरेशनचा. त्या एका पायरीवर लॅपटॉपमधल्या आय५ प्रोसेसरचे कोअर, म्हणजे एकाच वेळी काम करणारे भाग, दोनाचे चार झाले. पुढे विंडोज ११ आलं आणि मायक्रोसॉफ्टने इंटेलसाठी रेघ ओढली ती, एखाददुसरा अपवाद सोडता, बरोबर ८व्या जनरेशनपाशी. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला, आणि रेघेखालच्या, म्हणजे ८व्या जनरेशनच्या आधीच्या, मशीनचा गिऱ्हाईक वर्गच बदलला. लिनक्स टाकणारे उरले, आणि फक्त टायपिंगपुरतं मशीन हवं असणारे. घसाऱ्याच्या तक्त्यात अशी रेघ कुठेच नसते. तिथे सगळं एका उताराने खाली येतं. बाजारात मधेच कडा लागतो.

ॲपलवाल्यांनी हसू नये. २०२० मध्ये मॅकबुक एअर दोनदा आला: मार्चमध्ये इंटेलचा, नोव्हेंबरमध्ये ॲपलच्या स्वतःच्या एम१ चिपचा. एकाच आर्थिक वर्षात घेतलेले हे दोन लॅपटॉप पुस्तकात सख्खे भाऊ आहेत. पण मॅकओएस टाहो, म्हणजे मॅकची २०२५ ची ऑपरेटिंग सिस्टिम, त्या इंटेल एअरवर चालतच नाही, एम१ वर चालतं. म्हणून जाहिरातीत नुसतं "मॅकबुक एअर २०२०" लिहिणाऱ्याचा मला राग येतो. एक तर त्याला स्वतःलाच माहीत नाही, नाहीतर त्याला ते तुम्हाला कळू द्यायचं नाही. "आय५ लॅपटॉप, सुपर कंडिशन" हा त्याचाच धाकटा भाऊ. कुठला आय५? आय५ २००९ पासून आहे.

आणि बाजार फक्त खालीच जातो असंही नाही, हे तर घसाऱ्याच्या सवयीत मुरलेल्या डोक्याला पटतच नाही. २०२१ मध्ये ग्राफिक्स कार्डांचा दुष्काळ पडला. एकीकडे चिपटंचाई, दुसरीकडे इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग, म्हणजे या कार्डांवर गणितं सोडवून नाणी मिळवणं. वापरलेली कार्डं नव्याच्या छापील किमतीच्या वर विकली जात होती. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमने मायनिंगची पद्धतच सोडून दिली आणि हीच कार्डं पोत्याने बाजारात उतरली. पुस्तकात या दोन्ही घटनांची नोंद नाही, तिथे ४० टक्के कापले गेले. अगदी अलीकडचं म्हणजे रॅम. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिपा उचलायला सुरुवात केली आणि २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव भडकले. डिसेंबरात मायक्रॉनने क्रुशल हा किरकोळ ग्राहकांसाठीचा ब्रँडच गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. त्यामुळे ३२ जीबी रॅम असलेलं जुनं मशीन विकायला काढलं असेल तर आधी त्या दिवशीचा नुसत्या रॅमचा भाव बघा. पूर्वी "रॅमवर वेगळे पाच हजार टाकलेत हो" म्हणणाऱ्याला मी सरळ सांगायचो की ते विसरा. हल्ली बघून सांगतो.

आता भाव काढायचा कसा? माझी पद्धत अशी. आणि ही माझी आहे, कुठल्या कायद्यातली नाही.

वरून सुरुवात करायची. तुमचा लॅपटॉप जे काम करतो तेच काम करणारा आजचा सगळ्यात स्वस्त नवा लॅपटॉप केवढ्याला मिळतो ते बघायचं. इथे निम्मे लोक घसरतात, कारण ते स्वतःच्याच मॉडेलची आजची किंमत शोधतात. ते मॉडेल एक तर बंद झालेलं असतं, नाहीतर कुठल्यातरी विक्रेत्याने उरलेला एक नग जुन्याच छापील किमतीला लावून ठेवलेला असतो. गिऱ्हाईक तुमच्या मॉडेलच्या प्रेमात नसतं. त्याला मुलाचं कॉलेज, टॅली, थोडं एक्सेल एवढंच हवं असतं. धरा, तसा नवा लॅपटॉप ३५,००० ला मिळतो. हे तुमचं छत. याच्या वर तर सोडाच, याच्या जवळपासही कोणी येणार नाही, कारण नव्याबरोबर वॉरंटी येते, ताजी बॅटरी येते, बिघडला तर भांडायला दुकान असतं. त्यासाठी मी एक तृतीयांश कापतो. राहिले सुमारे २३,०००. बॅटरी दमली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे पूर्ण कापायचे, अर्धे नाही. धरा ३,०००, राहिले २०,०००.

मग खालून यायचं. जुना माल घेणारे दोन दुकानदार आणि एखादी एक्सचेंज देणारी कंपनी यांचा भाव विचारायचा. तो नेहमीच बोचतो. पण त्यात त्यांची साफसफाई, महिनाभराची तोंडी वॉरंटी, न विकला गेल्याची जोखीम आणि नफा धरलेला असतो, तेव्हा शिव्या देण्यात अर्थ नाही. धरा १४,००० म्हणाले. ही तुमची जमीन. वाजवी भाव १४ आणि २० च्या मध्ये आहे: घाई असेल तर खालच्या टोकाला, महिनाभर थांबायची तयारी असेल तर वरच्या. २१ ने सुरुवात करा, घासाघीस होऊन १८ वर तुटला तर दोघंही खूश. चाळीस टक्केवाले काका हाच लॅपटॉप ७,७७६ ला देऊन बसले असते, आणि वर स्वतःला व्यवहारी समजले असते.

उलटंही होतं. वर्षापूर्वी ९०,००० ला घेतलेला लॅपटॉप पुस्तकात ५४,००० चा. दरम्यान त्याहून सरस मॉडेल दिवाळीच्या सेलमध्ये ६५,००० ला आलं. तृतीयांश कापा, ४३,००० च्या आसपास येतं. "पण हिशेबाने चोपन्न होतात!" होतात ना. घेणार कोण?

घेणारा धंद्यासाठी घेत असेल आणि त्याच्याकडे जीएसटी नंबर असेल तर छत आणखी खाली येतं. नव्यावरचा १८ टक्के कर त्याला साधारणपणे वळता करून मिळतो, म्हणजे ३५,००० चा लॅपटॉप त्याला २९,६६० च्या आसपास पडतो. तुमच्यासारख्या खासगी माणसाकडून घेतल्यावर त्याला कसलंच क्रेडिट नाही. तो भाव पाडून मागतो तेव्हा दर वेळी चिकटपणाच करत असतो असं नाही.

ऑनलाइन जाहिरातींतले आकडे बघून भाव ठरवणाऱ्यांसाठी एवढंच: तुम्हाला दिसतात त्या न विकल्या गेलेल्या वस्तू. ज्यांचा भाव रास्त होता त्या केव्हाच गेल्या. "किंमत फिक्स" लिहून तीन महिने तिथेच पडलेली जाहिरात हा भावाचा पुरावा नाही, भाव चुकल्याचा पुरावा आहे.

घसाऱ्याचा भावाशी एकच खरा संबंध आहे आणि तो आडवळणाचा आहे. कंपन्या तीन-चार वर्षांनी, पुस्तकी आयुष्य आणि वॉरंटी संपत आली की, लॅपटॉप घाऊक काढून टाकतात. ते लॉट दिल्लीचं नेहरू प्लेस, बंगळुरूचा एसपी रोड, मुंबईचा लॅमिंग्टन रोड असे फिरत दुकानांत येतात: डेलचे लॅटिट्यूड, एचपीचे एलिटबुक, थिंकपॅड, एकसारखे, झाडूनपुसून ठेवलेले. तुमचा लॅपटॉप त्याच वयाचा असेल तर तुमची स्पर्धा शेजारच्या माणसाशी नाही, या लॉटशी आहे, आणि तिथे दुकानदाराची थोडीफार वॉरंटीही मिळते. म्हणून घरगुती लॅपटॉप मी दोन वर्षं पुरी व्हायच्या आत विकायला सांगतो किंवा मग पार वापरून संपवायला सांगतो. मधल्या काळात विकण्यात राम नाही.

बाकीचं किरकोळ. बॅग, माऊस, कीबोर्डवरचं प्लास्टिक यांचे पैसे मिळत नाहीत. मूळ चार्जर नसेल तर मात्र जातात. बिल आणि खोका असेल तर ठेवा. भाव वाढावा म्हणून नाही, माल चोरीचा नाही हे दाखवायला. विंडोजचा बॅटरी रिपोर्ट काढून त्याचा फोटो जाहिरातीत टाका, निम्मे फोन कमी होतील. रीसेट करताना डेटा साफ करण्याचा पर्याय निवडा. मॅक असेल तर 'फाइंड माय' बंद करून आपल्या ॲपल खात्यातून बाहेर पडा, नाहीतर घेणाऱ्याला तो आपल्या नावावर चालू करता येणार नाही आणि रात्री अकराला फोन येईल.

राहिला पुस्तकाचा मान. तो विक्री झाल्यावर सुरू होतो. कंपनीने पुस्तकात ३,००० शिल्लक असलेला लॅपटॉप १८,००० ला विकला तर १५,००० नफ्याची नोंद होते, आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही. आयकरात संगणक एकेकटा मोजलाच जात नाही. त्याच्या गटाच्या शिलकीतून विक्रीची रक्कम वजा होते. सोसायटीने लेखापरीक्षकाच्या भीतीने पुस्तकी शिलकीलाच संगणक विकायचं कारण नाही; दोन लेखी भाव मागवा, सभेच्या इतिवृत्तात लिहा, जास्त देईल त्याला द्या. आणि घरचा, कधीच घसारा न लावलेला लॅपटॉप विकणाऱ्या पगारदाराला यातलं काहीच लागू नाही. त्याने बँकेचा मेसेज नव्हे तर खातं उघडून पैसे आल्याची खात्री करावी, मगच लॅपटॉप हातात द्यावा. पैसे घ्यायला यूपीआय पिन टाकावा लागत नाही; जो टाकायला सांगतो त्याचा फोन ठेवून द्यावा, मग तो स्वतःला फौजी म्हणवो नाहीतर कलेक्टर.