निवडणूक प्रचारातील स्त्रीप्रश्न : बेळगाव सीमाभाग

कर्नाटकातील बेळगाव जिल्हा आणि त्याला लागून असलेला मराठीभाषक पट्टा येथे निवडणुकीच्या काळात स्त्रिया मतदार, उमेदवार, कार्यकर्त्या आणि सरकारी योजनांच्या लाभार्थी अशा चार नात्यांनी प्रचाराच्या केंद्रस्थानी येतात. त्यातून उभे राहणारे समतेचे प्रश्न आणि त्यांच्याभोवतीचे राजकारण हा या नोंदीचा विषय आहे. या भागाचे वेगळेपण असे की येथे स्त्रीप्रश्न प्रचारात सहसा स्वतःच्या नावाने येत नाही. तो आधी भाषेच्या, मग जातीच्या आणि शेवटी घराण्याच्या दारातून आत येतो, आणि प्रत्येक दारात त्याचा थोडा थोडा भाग बाहेरच राहतो.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव मुंबई राज्यातून तत्कालीन म्हैसूर राज्यात गेले आणि तेव्हापासून येथील मराठी राजकारण सीमाप्रश्नाभोवती, म्हणजे हा मराठीभाषक भाग महाराष्ट्रात यावा या मागणीभोवती, फिरत राहिले. या वादासाठी महाजन आयोग १९६६ मध्ये नेमला गेला, त्याचा अहवाल पुढच्या वर्षी आला आणि २००४ मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. ८६५ गावांचा हा वाद अजून चर्चेत आहे. या लढ्यात स्त्रिया पहिल्यापासून होत्या. संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्यांच्या यादीत निपाणीच्या कमळाबाई मोहिते यांचे नाव आहे. १ नोव्हेंबरला निषेध म्हणून पाळल्या जाणाऱ्या काळ्या दिनाच्या फेरीत आणि १७ जानेवारीच्या हुतात्मा दिनाला बायका आजही मोठ्या संख्येने येतात. मात्र आंदोलनातील ही हजेरी उमेदवारीच्या यादीत फारशी उतरली नाही. २०१३ मध्ये सीमालढा चालवणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीचे दोन आमदार निवडून आले, एक बेळगाव दक्षिणमधून आणि दुसरे खानापुरातून, आणि दोघेही पुरुष होते. ‘आधी भाषा, मग बाकी सगळे’ हा युक्तिवाद समितीच्या घरातल्या बायकांनीही बराच काळ मान्य केला होता, हे येथे नमूद करणे न्याय्य ठरेल.

स्थानिक स्वराज्य संस्थांत चित्र वेगळे दिसते. कर्नाटकाने १९८३ च्या कायद्याने पंचायतींत स्त्रियांना एकचतुर्थांश जागा दिल्या आणि १९८७ मध्ये त्यानुसार निवडणुका झाल्या, म्हणजे देशभर असे आरक्षण आणणाऱ्या ७३ व्या घटनादुरुस्तीच्या पुष्कळ आधी. पुढे एकतृतीयांश आणि २०१० नंतर निम्म्या जागा राखीव झाल्या. सीमेपलीकडे महाराष्ट्रातील चंदगड, गडहिंग्लजला ज्याला सरपंच म्हणतात त्याला कर्नाटकाच्या बाजूला ‘अध्यक्ष’ म्हणतात. त्यामुळे बाई अध्यक्ष झाली की कारभार पाहणाऱ्या नवऱ्याला गावात ‘अध्यक्षांचे मालक’ असे संबोधन मिळते. बेळगावी मराठीत मालक म्हणजे नवरा, आणि या प्रसंगी तो शब्द जरा जास्तच खरा ठरतो. तरीही एका पिढीच्या आत पंचायतीच्या दप्तरावर, नळपाणी योजनेच्या बैठकीत आणि तालुका कचेरीत बायकांचा वावर सवयीचा झाला, हे आरक्षणाचेच श्रेय आहे.

बेळगाव महापालिकेत तर स्त्रियांनी सीमाप्रश्नाची राजकीय किंमत पदावर असताना मोजली. २०११ मध्ये मंदा बाळेकुंद्री महापौर आणि रेणू किल्लेकर उपमहापौर होत्या. १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनातील सहभागावरून वाद पेटला आणि वर्षअखेरीस राज्य सरकारने महापालिका बरखास्त केली. दोन्ही पदांवर स्त्रिया असतानाही या प्रकरणाची चर्चा कधी स्त्रीनेतृत्वाची म्हणून झाली नाही. ती मराठी आणि कन्नड एवढ्याच रकान्यांत झाली. २०१६ मध्ये सरिता पाटील आणि २०१७ मध्ये संज्योत बांदेकर या मराठी गटाच्या महापौरांनाही हाच पेच होता: त्याच दिवशी होणाऱ्या कर्नाटक राज्योत्सवाच्या मंचावर जायचे की काळ्या दिनाच्या फेरीत चालायचे. महापौरपदाचे वर्ष जेमतेम बारा महिन्यांचे, त्यातला एक दिवस नोव्हेंबरची पहिली तारीख, आणि बाईंच्या कारकिर्दीचा हिशोब त्याच दिवसावर. २०२१ ची ५८ प्रभागांची निवडणूक प्रथमच पक्षचिन्हांवर झाली आणि भारतीय जनता पक्षाला बहुमत मिळाले. त्या पक्षाने २०२३ मध्ये महापौरपदी शोभा सोमनाचे आणि उपमहापौरपदी रेश्मा पाटील यांची निवड केली. दोघीही मराठीभाषक असल्याने समितीचा जुना आधार आपल्याकडे वळवण्याचा हेतू त्यात स्पष्ट होता. २०२४ मध्ये अनुसूचित जातीतील स्त्रीसाठी राखीव झालेल्या पदावर सविता कांबळे आल्या.

विधानसभा आणि लोकसभा येथे स्त्रियांचे आरक्षण अजून प्रत्यक्षात आलेले नसल्याने दार अरुंद आहे. १९९६ मध्ये चिकोडीतून जनता दलाच्या रत्नमाला सवणूर यांनी अनेक वर्षे निवडून येणारे बी. शंकरानंद यांचा पराभव केला आणि त्या केंद्रात राज्यमंत्री झाल्या. पुढच्या काळातील नावे पाहिली तर घराण्याची छाया लपत नाही. निपाणीतून शशिकला जोल्ले २०१३, २०१८ आणि २०२३ अशा सलग तीन वेळा निवडून आल्या आणि राज्यात मंत्री झाल्या. त्यांचे पती अण्णासाहेब जोल्ले २०१९ मध्ये चिकोडीचे खासदार झाले. २०२४ मध्ये त्यांना हरवले प्रियांका जारकीहोळी यांनी, ज्यांचे वडील सतीश जारकीहोळी राज्यात मंत्री आहेत. २०२१ च्या बेळगाव लोकसभा पोटनिवडणुकीत मंगला अंगडी विजयी झाल्या, ती जागा त्यांचे पती सुरेश अंगडी यांच्या निधनाने रिकामी झाली होती. बेळगाव ग्रामीणच्या लक्ष्मी हेब्बाळकर यांचा क्रम उलटा आहे: २०१३ ची विधानसभा आणि २०१४ ची लोकसभा हरून त्या २०१८ मध्ये आमदार, २०२३ मध्ये पुन्हा आमदार आणि महिला व बालकल्याण मंत्री झाल्या, आणि मग २०२४ मध्ये त्यांचे पुत्र मृणाल यांना लोकसभेचे तिकीट मिळाले. तेथे आई पुढे आणि मुलगा मागे, इतकाच फरक. २०२३ मध्ये २२४ जणांच्या विधानसभेत निवडून आलेल्या दहा स्त्रियांपैकी दोघी बेळगाव जिल्ह्यातील होत्या. जिल्ह्यात १८ मतदारसंघ आहेत हे लक्षात घेतले तर हा आकडा जिल्ह्याच्या अभिमानापेक्षा राज्याच्या दारिद्र्याविषयी अधिक सांगतो.

खानापूरचे उदाहरण भाषा आणि स्त्रीनेतृत्व यांच्या नात्यासाठी महत्त्वाचे आहे. समितीचा बालेकिल्ला मानल्या गेलेल्या या तालुक्यातून २०१८ मध्ये डॉ. अंजली निंबाळकर या मराठीभाषक स्त्रीने काँग्रेसच्या चिन्हावर विजय मिळवला. समितीतील फूट हे त्याचे एक कारण होते, पण राष्ट्रीय पक्षाची बाई मराठीतून मते मागते ही गोष्टही लोकांनी स्वीकारली. २०२३ मध्ये त्या हरल्या, आणि २०२४ मध्ये खानापूरचा समावेश असलेल्या उत्तर कन्नड लोकसभा मतदारसंघातही त्यांना अपयश आले. बेळगाव ग्रामीणमध्ये मराठी मते निर्णायक असल्याने तेथील स्पर्धा शिवरायांच्या पुतळ्यापर्यंत पोहोचली: राजहंसगडावरील पुतळ्याचे मार्च २०२३ मध्ये काही दिवसांच्या अंतराने दोनदा अनावरण झाले, एकदा मुख्यमंत्र्यांच्या हस्ते आणि एकदा हेब्बाळकर यांच्या पुढाकाराने.

प्रचाराची रीत पाहिली तर स्त्रियांसाठीचे मुख्य व्यासपीठ अजूनही हळदी-कुंकू हेच आहे. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतचा काळ निवडणुकीच्या वर्षात आला की वाणाचे स्वरूप बदलते. एरवी प्लास्टिकचा डबा लुटला जातो, त्या वर्षी साडी, कुकर किंवा मिक्सर येतो, आणि आचारसंहिता लागायच्या आत तो घरोघर पोहोचतो. पुरुष उमेदवाराला दारात ओवाळले जाते, स्त्री उमेदवाराची ओटी भरली जाते. ‘अक्का’, ‘वहिनी’, ‘ताई’ ही संबोधने नाते जोडतात. त्यांतले अक्का कन्नड आणि मराठी दोन्ही घरांत चालते म्हणून उमेदवारांना विशेष सोयीचे असते. पण या व्यासपीठाची एक अडचण आहे. विधवेला रूढीने हळदी-कुंकवाला बोलावत नाहीत, आणि मत तर तिलाही एकच असते. सीमेजवळच्या शिरोळ तालुक्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथांविरुद्ध ठराव केला आणि महाराष्ट्र शासनाने तो इतर ग्रामपंचायतींपुढे आदर्श म्हणून ठेवला. एवढ्या जवळ झालेल्या या ठरावाला बेळगावकडच्या प्रचारात मात्र मुद्द्याचे स्थान मिळाले नाही.

या भागाच्या बोलीत बायका स्वतःविषयी बोलताना ‘मी येतो’, ‘मी सांगतो’ असे पुल्लिंगी रूप वापरतात. पुण्या-मुंबईच्या वक्त्यांना त्याचे नवल वाटते. प्रचारसभेत आलेली बाहेरची नेत्री ‘मी आले आहे’ म्हणते आणि समोरची बाई शेजारणीला ‘मी मत घालतो’ म्हणते, हा विरोधाभास व्याकरणापुरताच आहे, त्यावरून समतेचा निष्कर्ष काढू नये.

२०२३ नंतर प्रचाराची भाषा थेट रोख रकमेवर आली, आणि सीमाभागाइतकी तिची तुलना अन्यत्र क्वचितच होत असेल. कर्नाटकात ११ जून २०२३ पासून ‘शक्ती’ योजनेखाली स्त्रियांना राज्याच्या साध्या बसमधून मोफत प्रवास मिळाला आणि त्या वर्षी ३० ऑगस्टला सुरू झालेल्या ‘गृहलक्ष्मी’ योजनेतून कुटुंबप्रमुख स्त्रीला दरमहा २,००० रुपये मिळू लागले. महाराष्ट्रात मार्च २०२३ पासून एस. टी. चे अर्धे तिकीट आणि २०२४ च्या विधानसभा निवडणुकीआधी ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेखाली २१ ते ६५ वयाच्या पात्र स्त्रियांना दरमहा १,५०० रुपये आले. या पट्ट्यात लग्ने सर्रास सीमा ओलांडून होतात. बेळगावची मुलगी चंदगडला दिली की नवऱ्याच्या अधिवासावर ती लाडकी बहीण ठरते, आणि चंदगडची मुलगी खानापुरात आली की शिधापत्रिकेवर प्रमुख म्हणून नाव असेल तर गृहलक्ष्मी. सख्ख्या बहिणी माहेरच्या जत्रेत भेटल्या की ‘तुझा कितवा हप्ता आला’ अशी चौकशी होते. स्त्रीचा हक्क तिच्या स्वतःच्या नागरिकत्वाला चिकटत नाही, तो तिच्या सासरच्या पत्त्याला चिकटतो, हे दोन्ही सरकारांच्या कागदपत्रांतून एकाच वेळी दिसणारे सत्य आहे.

गृहलक्ष्मीत पैसे सासूला की सुनेला हा वाद सुरुवातीला घराघरांत झाला, कारण योजना कुटुंबात एकच प्रमुख मानते. अर्ज, संदेश आणि परिपत्रके कन्नडमधून असल्याने मराठी बायकांना अंगणवाडीताई किंवा शिकलेली नात यांच्यावर अवलंबून राहावे लागते. परिपत्रके मराठीतून द्या ही समितीची जुनी मागणी येथे प्रत्यक्ष स्त्रियांची मागणी होते, पण व्यासपीठावर ती तशी मांडली जात नाही. रोख रकमेला ‘फुकट’ म्हणून हिणवणेही अपुरे आहे: हातात स्वतःचे पैसे आल्यावर बाईने काय केले, याची उत्तरे शाळेच्या फीपासून औषधांपर्यंत आणि रायबाग तालुक्यातील एका वृद्धेने साठवलेल्या हप्त्यांतून घातलेल्या पुरणपोळीच्या गावजेवणापर्यंत पसरलेली आहेत.

स्त्री उमेदवारांविषयीची भाषा हा स्वतंत्र अध्याय आहे. एप्रिल २०२४ मध्ये बेळगावच्या प्रचारात विरोधी पक्षाच्या एका माजी आमदाराने मंत्री हेब्बाळकर यांच्याविषयी झोप आणि मद्य यांचा उल्लेख करून शेरा मारला, त्यावरून गुन्हा नोंदला गेला आणि दोन्ही बाजूंच्या बायका रस्त्यावर आल्या. त्याआधी डिसेंबर २०२३ मध्ये, बेळगावच्या सुवर्णसौधात कर्नाटक विधिमंडळाचे अधिवेशन चालू असताना, बेळगाव तालुक्यातील एका गावात मुलगा एका मुलीसह पळून गेला म्हणून त्याच्या आईची विवस्त्र धिंड काढण्यात आली. पक्षांची शिष्टमंडळे रुग्णालयाकडे निघाली, तेव्हा पीडितेला भेटायला येणाऱ्यांवर कर्नाटक उच्च न्यायालयाला निर्बंध घालावे लागले. न्यायालयाने स्वतःहून दखल घेतलेल्या या प्रकरणात राजकारणाला बाहेर थांबायला सांगावे लागले, ही गोष्ट प्रचाराच्या स्वभावाविषयी पुरेशी बोलकी आहे.

संघटित स्त्री-चळवळीची येथील परंपरा निपाणीच्या तंबाखूत आहे. १९८१ मध्ये तंबाखूच्या भावासाठी शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी महामार्गावर बसले, पोलिसांच्या गोळीबारात शेतकरी मारले गेले, आणि ते आंदोलन इतिहासात गेले. त्याच काळात वखारींत तंबाखू निवडणाऱ्या आणि विड्या वळणाऱ्या बायका मजुरी, कामाचे तास आणि वखारमालकांकडून होणारी छळवणूक यांसाठी संघटित झाल्या होत्या. युगांतर या स्त्री-गटाने त्यांच्यावर माहितीपटही केला. सौंदत्तीच्या यल्लम्माला मुली सोडण्याच्या, म्हणजे देवदासी, प्रथेविरुद्ध कर्नाटकाने १९८२ मध्ये कायदा केला, त्यामागेही या सीमेच्या दोन्ही बाजूंचे कार्यकर्ते होते. वखारीतल्या बाईची मजुरी आणि देवदासीचे निवृत्तिवेतन हे आजही प्रचारात पत्रकाच्या शेवटच्या ओळीचे विषय आहेत.

१०६ व्या घटनादुरुस्तीने २०२३ मध्ये लोकसभा व विधानसभांत एकतृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखून ठेवल्या, पण अंमलबजावणी जनगणना आणि मतदारसंघांची पुनर्रचना यांच्याशी जोडली. आजच्या १८ जागांच्या हिशोबाने बेळगाव जिल्ह्यात सुमारे सहा जागा राखीव होतील. त्या कोणत्या, यावर घराण्यांतील सुना-मुलींची नावे गावच्या पारावर आतापासून घेतली जातात.

जमिनीचा प्रश्न मात्र कोणत्याच पारावर निघत नाही. कर्नाटक आणि महाराष्ट्र या दोन्ही राज्यांनी १९९४ मध्ये वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मजात हिस्सा दिला, देशाने तो २००५ मध्ये दिला. दोन राज्यांत एवढे एकमत सीमाप्रश्नात कधी झाले नाही. तरीही बेळगावच्या नोंदणी कचेरीत लग्न झालेल्या बहिणी हक्कसोड पत्रावर सही किंवा अंगठा करायला येतात, भावाकडून साडी-चोळी घेतात आणि संध्याकाळच्या बसने सासरी परततात. सासर कर्नाटकातच असेल तर त्या बसचे तिकीट आता लागत नाही. बहिणीच्या हिश्श्याविषयी बोलणारा उमेदवार एका भावाच्या घरची पाच-सहा मते गमावतो आणि बहिणीचे मत तर दुसऱ्याच मतदारसंघात, पुष्कळदा दुसऱ्याच राज्यात असते.