लिंकवरचा रंग कशाची खूण? पार्श्वभूमी

देवळालीच्या छावणीमुळे नाशिकमध्ये जुन्या लष्करी वस्तू जमवणाऱ्यांची कमी नाही. मशीनगनच्या पट्ट्यात काडतुसे एकमेकांना जोडणाऱ्या धातूच्या कडीवर, म्हणजे लिंकवर, रंगाचा ठिपका दिसला, की ‘ही ट्रेसरची’ (उडताना उजेडाची रेघ सोडणाऱ्या गोळीची) असा निकाल लगेच लागतो. हा निकाल घाईचा असतो.

पहिल्या महायुद्धातल्या व्हिकर्स मशीनगनचा काडतुसांचा पट्टा कापडी होता. ओल लागली की तो फुगायचा, विमानात वाऱ्याने फडफडायचा. त्यावर एका इंग्रज दंतवैद्याने धातूच्या सुट्या कड्यांचा उपाय काढला. त्यात काडतूस हीच खीळ. ते निघाले की लिंक गळून पडते. दुसऱ्या महायुद्धात विमानांतल्या ब्राउनिंग मशीनगन अशाच लिंकवर चालल्या. पुढे नाटो या पाश्चात्त्य लष्करी आघाडीच्या ७.६२ मि.मी. काडतुसासाठी आलेल्या एम-१३ लिंकला छोटी जीभ आहे. ती काडतुसाच्या बुडाजवळच्या खाचेत बसते.

लिंकवर ठोकलेली अक्षरे बहुधा बनवणाऱ्याची किंवा नमुन्याची असतात. राखाडी-काळा थर गंज रोखण्यासाठी असतो. काडतुसाचा प्रकार सांगणारा रंग काडतुसावरच लावतात. पट्ट्यात चार साध्या गोळ्यांमागे एक ट्रेसर भरण्याची पद्धत सर्वज्ञात आहे, आणि लिंक सगळ्यांना एकच. मग लिंकवरच्या रंगावरून ट्रेसर कसा ओळखणार?

खरा घोळ हिरव्या रंगाचा आहे. ब्रिटिश .३०३ काडतुसात रंग बुडाला, कॅपभोवतीच्या (बंदुकीची पिन आदळते त्या भागाभोवतीच्या) कड्यात असतो: जांभळा साध्या गोळीचा, लाल ट्रेसरचा, निळा आग लावणाऱ्या गोळीचा आणि हिरवा चिलखतभेदीचा. सोव्हिएत पद्धतीत मात्र गोळीचे टोक हिरवे असेल तर तो ट्रेसर. आणि १९८० मध्ये नाटोने स्वीकारलेल्या ५.५६ मि.मी. गोळीचेही टोक हिरवेच. ती आत टोकाशी पोलादी तुकडा असलेली साधी गोळी, ट्रेसर नव्हे. अमेरिकेत चिलखतभेदीला काळे टोक, ट्रेसरला आधी लाल, नंतर नारिंगी. आपल्या सैन्याने ब्रिटिश, सोव्हिएत आणि पाश्चात्त्य अशी तिन्ही घराण्यांची शस्त्रे वापरली आहेत. त्यामुळे आधी काडतूस कोणत्या घराण्याचे ते ठरवावे, रंगाचा अर्थ मग लावावा. माझ्या मते ही पायरी गाळून केलेली ओळख ओळखच नाही.

१९५९च्या शस्त्र कायद्यात दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे भागही येतात. त्यामुळे भंगारात पट्टा मिळाला आणि एखादे काडतूस अजून अडकलेले दिसले, तर रंग बघायला ते उचलू नये, पोलिसांना कळवावे.