रनिंग मेट (अमेरिकन अध्यक्षीय निवडणूक)

अमेरिकेत अध्यक्षपदाचा उमेदवार उपाध्यक्षपदासाठी ज्याला किंवा जिला सोबत घेऊन लढतो ती व्यक्ती म्हणजे रनिंग मेट. शब्द मूळचा घोड्यांच्या शर्यतीतला. मराठी पेपरात 'उपाध्यक्षपदाचा उमेदवार' छापतात पण त्यात जोडीची गंमत येत नाही, कारण तिथला मतदार या दोघांना वेगवेगळं मत देऊच शकत नाही, तिकीट एकच, घ्यायचे तर दोघं नाहीतर कुणीच नाही. आपल्याकडे उपराष्ट्रपती संसदेचे खासदार वेगळा निवडतात त्यामुळे ही भानगड जरा परकी वाटते, पण विभाग, जात आणि गट सांभाळून उपमुख्यमंत्री ठरताना ज्याने बघितलंय त्याला यामागचा हिशोब समजावून सांगावा लागणार नाही.

या निवडीचा प्रचारावर परिणाम किती होतो? चॅनेलवाले महिनाभर दळण दळतात त्यामानाने मतं फारच कमी हलतात. माणूस चांगला निवडला तर थोडाफार फायदा, चुकला तर आठवडेच्या आठवडे खुलासे करण्यात जातात, आणि दोन्ही वेळेला लोक बघतात ते खरं तर वरच्या उमेदवाराकडे, की बाबा याने पहिला मोठा निर्णय घेतला तो कसा घेतला.

सुरुवातीला जोडी हा प्रकारच नव्हता. प्रत्येक इलेक्टर, म्हणजे अध्यक्ष निवडायला राज्याकडून नेमलेला प्रतिनिधी, दोन मतं द्यायचा, पहिला आला तो अध्यक्ष, दुसरा आला तो उपाध्यक्ष, त्यामुळे १७९६ मध्ये अध्यक्ष जॉन अ‍ॅडम्स आणि उपाध्यक्ष त्यांचेच विरोधक थॉमस जेफरसन असा संसार झाला. १८०० मध्ये जेफरसन आणि त्यांच्याच बाजूचे एरन बर यांना सारखीच ७३-७३ मतं पडली आणि प्रतिनिधी सभागृहाला निकाल लावायला ३६ वेळा मतदान घ्यावं लागलं. मग १८०४ ची बारावी घटनादुरुस्ती आली आणि दोन पदांची मतं वेगळी झाली. तरी एक जुनी अट राहिलीच, इलेक्टरने दोन्ही मतं स्वतःच्या राज्यातल्या माणसांना द्यायची नाहीत. म्हणून २००० साली टेक्ससमध्ये राहणाऱ्या, जॉर्ज बुश यांचे रनिंग मेट झालेल्या डिक चेनी यांनी घाईघाईने आपली मतदार नोंदणी वायोमिंगला हलवली, कारण बुशही टेक्ससचेच आणि त्या राज्याची तेव्हा ३२ इलेक्टोरल मतं, म्हणजे इलेक्टरांची मतं, होती. बुश शेवटी २७१ वर जिंकले, बहुमताला लागत होती २७०, म्हणजे ते ३२ चेनींना मिळाले नसते तर काय झालं असतं ते बघा.

निवड करायचा हक्कही उमेदवाराकडे तसा अलीकडेच आला. आधी पक्षातली बडी मंडळी अधिवेशनात ठरवायची, जो गट नाराज असेल त्याला उपाध्यक्षपद देऊन गप्प करायचं. १९४० मध्ये अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट अडून बसले, हेन्री वॉलेस नसतील तर मी उमेदवारीच घेत नाही म्हणाले आणि पक्षाला मान तुकवावी लागली. पण १९४४ ला त्याच वॉलेसना पक्षाच्या नेत्यांनी बाजूला सारलं आणि हॅरी ट्रुमन आले. रूझवेल्टची तब्येत जवळून बघणाऱ्यांना कळत होतं की आपण बहुतेक पुढचा अध्यक्षच निवडतोय, आणि झालंही तसंच, ट्रुमन ८२ दिवस उपाध्यक्ष होते, १२ एप्रिल १९४५ ला रूझवेल्ट गेले. अध्यक्षाच्या मृत्यूमुळे किंवा राजीनाम्यामुळे आजवर नऊ उपाध्यक्ष असे वर गेलेत. त्यामुळे 'उद्या वेळ आली तर हा माणूस चालेल का' हा प्रश्न नुसता विचारायचा म्हणून विचारलेला नसतो.

सगळ्यात जुना हिशोब म्हणजे समतोल. उमेदवार उत्तरेचा तर जोडीदार दक्षिणेचा, उमेदवार तरुण तर जोडीदार मुरलेला, उमेदवार वॉशिंग्टनबाहेरचा तर जोडीदार सिनेटमध्ये केस पिकलेला. याचं ठरलेलं उदाहरण म्हणजे १९६०, मॅसॅच्युसेट्सचे तरुण कॅथलिक जॉन केनेडी आणि टेक्ससचे लिंडन जॉन्सन. दोघांचं फारसं जमत नव्हतं, भाऊ रॉबर्ट केनेडींना तर जॉन्सन अजिबात नको होते, पण जॉन्सननी रेल्वेने दक्षिणेत फिरून सभा घेतल्या आणि टेक्सस सुमारे ४६ हजार मतांनी केनेडींकडे आलं. यावरून 'जॉन्सननी टेक्सस आणलं म्हणून केनेडी जिंकले' असं सर्रास लिहितात. आता आकडे मांडून बघा, केनेडींना ३०३ इलेक्टोरल मतं होती, टेक्ससची २४ वजा केली तरी २७९ उरतात आणि तेव्हा बहुमताला २६९ पुरत होती. म्हणजे एकट्या टेक्ससने काही बुडत नव्हतं, जॉन्सनचा उपयोग झाला तो आजूबाजूच्या दक्षिणी राज्यांतही गळती रोखायला, आणि तो असा एका आकड्यात दाखवता येत नाही.

घरचं राज्य मिळेल म्हणून जोडीदार घ्यायचा ही समजूत तरी सुटत नाही. १९८८ ला डुकाकिस यांनी टेक्ससचे लॉइड बेंट्सन घेतले, टेक्सस गेलं. २००४ ला केरींनी नॉर्थ कॅरोलायनाचे एडवर्ड्स घेतले, ते राज्य गेलं. २०१२ ला रॉम्नींनी विस्कॉन्सिनचे पॉल रायन घेतले, तेही गेलं. २०२४ मध्ये कमला हॅरिस यांनी मिनेसोटाचे गव्हर्नर टिम वॉल्झ निवडले, मिनेसोटा मिळालं, पण ते १९७६ पासून दर वेळी डेमोक्रॅट्सनाच मिळतंय, त्यात वॉल्झचं श्रेय किती. नंतर लोक म्हणायला लागले पेनसिल्व्हेनियाचे गव्हर्नर जॉश शपिरो घेतले असते तर! घेतले असते आणि पेनसिल्व्हेनियाची १९ मतं मिळालीही असती असं धरलं, तरी हॅरिस यांच्या २२६ चे २४५ झाले असते, २७० नाही.

समतोल मुद्दाम मोडूनही काम होतं. १९९२ मध्ये आर्कान्सासचे बिल क्लिंटन यांनी शेजारच्याच टेनेसीचे अल गोर घेतले, दोघंही दक्षिणेचे, दोघंही पंचेचाळिशीच्या आसपासचे, आणि त्यातून 'पिढी बदलतेय' हे एकही भाषण न करता सांगून झालं. ट्रम्प यांनी २०१६ मध्ये माइक पेन्स घेतले ते धार्मिक मतदारांची धाकधूक कमी करायला, २०२४ मध्ये मात्र असं कुणाला चुचकारायची गरजच वाटली नाही आणि आपल्याच वळणाचे, तेव्हा ३९ वर्षांचे जेडी व्हान्स घेतले.

आता फसलेल्या निवडी, आणि यात १९७२ ला तोड नाही. डेमोक्रॅट उमेदवार जॉर्ज मॅकगव्हर्न यांना जॉन केनेडींचे भाऊ टेड केनेडी हवे होते, ते नाही म्हणाले, आणखी काहीजण नाही म्हणाले, मायामी बीचच्या अधिवेशनात नाव द्यायची मुदत संपत आली तेव्हा मिझुरीचे सिनेटर थॉमस ईगलटन यांना फोन गेला. काही लपवण्यासारखं आहे का असं वरवर विचारलं, ते नाही म्हणाले, विषय संपला. त्यात अधिवेशनात उपाध्यक्षपदासाठी लोकांनी गंमत म्हणून कुणाकुणाची नावं सुचवत वेळ इतका खाल्ला की मॅकगव्हर्नचं मुख्य भाषण पहाटे तीनच्या सुमारास झालं, टीव्हीपुढचा अमेरिकन केव्हाच झोपला होता. २५ जुलैला ईगलटननी जाहीर केलं की १९६० ते १९६६ दरम्यान नैराश्यासाठी ते तीनदा हॉस्पिटलात होते आणि शॉक ट्रीटमेंटही झाली होती. मॅकगव्हर्न म्हणाले मी हजार टक्के त्यांच्या पाठीशी आहे. ३१ जुलैला ईगलटन तिकिटावरून बाहेर! मग नवा माणूस शोधायला परत फोनाफोनी, परत नकार, शेवटी केनेडींचे मेहुणे सार्जंट श्रायव्हर तयार झाले. नोव्हेंबरमध्ये निक्सन यांनी ५० पैकी ४९ राज्यं घेतली. ते तसेही जिंकणारच होते, पण सचोटीचा माणूस म्हणून उभा राहिलेला उमेदवार आठवड्यात शब्द फिरवतो हे लोकांनी बघितलं, आणि ते ईगलटनच्या आजारापेक्षा महागात पडलं असं मला वाटतं. मिझुरीच्या मतदारांनी तर त्याच ईगलटनना १९७४ आणि १९८० ला परत सिनेटवर पाठवलं.

रनिंग मेटची कसून छाननी सुरू झाली ती या प्रकरणानंतर. वकिलांची टीम, टॅक्सचे कागद, डॉक्टरचे रिपोर्ट, नवऱ्याचे किंवा बायकोचे धंदे, सगळं. तरी १९८४ मध्ये मोठ्या पक्षाच्या तिकिटावरच्या पहिल्या महिला जेराल्डिन फेरारो यांचे सुरुवातीचे कितीतरी दिवस नवऱ्याच्या आर्थिक व्यवहारांवर उत्तरं देण्यात गेले.

२००८ ची सेरा पेलिन यांची निवड जास्त गुंतागुंतीची आहे. जॉन मॅकेन यांनी २९ ऑगस्टला, म्हणजे स्वतःच्या ७२ व्या वाढदिवसाला, अलास्काच्या या गव्हर्नरचं नाव जाहीर केलं, दोघांची आधीची ओळख जेमतेम. अधिवेशनातलं भाषण दणकेबाज झालं, मरगळलेले कार्यकर्ते उठून बसले, काही पोलमध्ये मॅकेन पुढेही गेले. मग टीव्ही पत्रकार केटी कुरिकने घेतलेल्या मुलाखतीत कोणते पेपर वाचता या साध्या प्रश्नावर धड उत्तर आलं नाही, आणि ओबामांकडे अनुभव नाही हा मॅकेन यांचा स्वतःचाच मुद्दा बोथट झाला. पण त्याच सप्टेंबरात लेहमन ब्रदर्स ही बडी बँक बुडाली होती, तेव्हा पराभवाचं सगळं खापर पेलिनवर फोडणं अन्याय आहे. ओबामांचे जोडीदार बायडन आणि पेलिन यांचं डिबेट सुमारे ७ कोटी लोकांनी बघितलं, त्या वर्षीच्या अध्यक्षांच्या कुठल्याही डिबेटपेक्षा जास्त.

उलट बाजूने १९८८. थोरल्या बुशनी (२००० च्या बुश यांचे वडील) इंडियानाचे तरुण सिनेटर डॅन क्वेल घेतले आणि डिबेटमध्ये क्वेलनी स्वतःच्या अनुभवाची तुलना केनेडींशी केल्यावर समोरचे, डुकाकिस यांचे जोडीदार बेंट्सन म्हणाले, सिनेटर, तुम्ही काही जॅक (म्हणजे जॉन) केनेडी नाही. ते वाक्य आजही लोक वापरतात, बुश मात्र ४० राज्यं जिंकले.

आणि बेंट्सनचं काय झालं? टेक्ससमध्ये १९५९ साली जॉन्सन यांच्या सोयीसाठी कायदा बदलला होता, एकाच वेळी सिनेट आणि अध्यक्ष-उपाध्यक्षपद दोन्हीकडे उभं राहता यावं म्हणून. त्याच कायद्याचा आधार घेऊन बेंट्सन त्याच दिवशी उपाध्यक्षपद हरले आणि सिनेटची जागा जिंकले. २००० मध्ये गोर यांचे जोडीदार जो लिबरमन यांनीही कनेक्टिकटची सिनेटची जागा सोडली नाही, आणि पक्षातले लोक चडफडले, कारण ते उपाध्यक्ष झाले असते तर रिकाम्या जागेवर माणूस नेमायचा अधिकार रिपब्लिकन गव्हर्नरकडे होता.