‘ट्रंक’ दिलं नाही तरी फाइल पुसली जाते
सी++ या प्रोग्रामिंग भाषेत फाइल उघडताना ‘ट्रंक’ (trunc, जुना मजकूर पुसणारा) मोड लिहिला नाही तर जुनी फाइल शाबूत राहते, हा समज वर्षानुवर्षं चालत आलाय. तो चुकीचा आहे. ऑफस्ट्रीमने (ofstream, फाइलमध्ये लिहिण्याचं साधन) नुसत्या ‘आउट’ (out, लिहिण्याच्या) मोडमध्ये फाइल उघडली की ती त्याच क्षणी ० बाइटची होते. पुढे एक अक्षरही लिहावं लागत नाही. सगळ्यात फसवा मोड ‘एट’ (ate). तो फाइलच्या शेवटी नेतो म्हणून लोक भर घालायला वापरतात, पण ‘आउट’ने फाइल आधीच रिकामी केलेली असते, त्यामुळे शेवट म्हणजे शून्यच! भर घालायची तर ‘अ‍ॅप’ (app) मोडच द्या. मधला मजकूर बदलायचा असेल तर एफस्ट्रीम (fstream, वाचणं-लिहिणं दोन्ही करणारं साधन) ‘इन’ (in, वाचण्याचा मोड) आणि ‘आउट’ दोन्ही देऊन उघडा. फाइल मुळात नसेल तर मात्र अशा वेळी ती उघडत नाही, म्हणून ‘इज_ओपन’ने (is_open) ती उघडली का ते तपासा.