बाटलीतला वायू आणि घरातली शांतता

विज्ञान प्रदर्शनात हवामानबदलाचं टेबल असलं की त्यावर हमखास दोन बाटल्या दिसतात. एकीत साधी हवा, दुसरीत खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर मिसळून तयार केलेला कार्बन डायऑक्साइड. दोन्हींत तापमापक आणि समोर प्रखर दिवा. थोड्या वेळात दुसऱ्या बाटलीतलं तापमान जास्त चढतं आणि टेबलामागची मुलगी जमलेल्यांना सांगते, "बघा, पृथ्वी अशीच तापतेय."

तापमान खरंच चढलेलं असतं, पण त्याचं कारण बऱ्याच अंशी वेगळं असतं. काही भौतिकशास्त्रज्ञांनी २०१० साली हा प्रयोग बारकाईनं तपासला. कार्बन डायऑक्साइडच्या जागी त्यांनी आर्गॉन भरून पाहिला. आर्गॉन हा वायू उष्णतेचे अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे, किरण शोषत नाही, तरीही तापमान जवळपास तसंच वाढलं. दोन्ही वायू हवेपेक्षा जड आहेत. ते तळाशी बसून राहतात, वरच्या हवेत सहज मिसळत नाहीत आणि त्यामुळे उष्णता वर वाहून जात नाही. बाटलीत दिसतो तो मुख्यतः या जडपणाचा परिणाम.

वातावरणात घडतं ते निराळंच. सूर्याचा प्रकाश हवेतून बऱ्यापैकी आरपार येतो आणि जमीन तापवतो. तापलेली जमीन ही उष्णता अवरक्त किरणांच्या रूपात परत वर सोडते. कार्बन डायऑक्साइडचा रेणू यातले ठरावीक तरंगलांबीचे किरण शोषतो आणि ती ऊर्जा चहूकडे फेकली जाते, म्हणजे काही खालीही येते. युनिस फूट या अमेरिकी संशोधिकेनं १८५६ साली काचेच्या नळकांड्या उन्हात ठेवून हा वायू जास्त तापतो हे नोंदवलं होतं. तो अवरक्त उष्णता शोषतो, हे भौतिकशास्त्रज्ञ जॉन टिंडल यांनी १८५९ पासूनच्या मोजमापांतून दाखवलं. उद्योगयुगाआधी हवेच्या दर दहा लाख रेणूंमागे या वायूचे सुमारे २८० रेणू होते. आज ते ४२० च्या वर गेले आहेत.

मी या बाटलीवर एवढा वेळ घालवतोय, कारण त्या मुलीची विश्वासार्हता मला फार मोलाची वाटते. गर्दीतल्या एखाद्या जाणकारानं बाटलीतली चूक दाखवली, तर तिचं बाकीचं सगळं खरं बोलणंही वाऱ्यावर जातं. त्यापेक्षा तिनंच आर्गॉनची गोष्ट सांगावी. "हा प्रयोग आम्हाला आधी असा शिकवला होता, पण त्यात ही गफलत आहे," असं सांगणाऱ्या मुलांचं ऐकावंसं वाटतं. ओझोनला पडलेलं छिद्र, प्लॅस्टिकचा कचरा आणि तापमानवाढ या वेगवेगळ्या प्रश्नांची एकाच फलकावर खिचडी करू नये, तेही याच कारणासाठी.

दाखवण्यासारखं दुसरं बरंच काही आहे. एड हॉकिन्स या हवामानशास्त्रज्ञानं २०१८ साली एक साधी कल्पना मांडली: दर वर्षाला एक उभा पट्टा, सरासरीपेक्षा थंड वर्ष निळं, उष्ण वर्ष लाल. त्यावर आकडा नाही, अक्षर नाही. आपल्या भागाच्या तापमानाच्या नोंदी मिळाल्या, तर असे पट्टे मुलांना भिंतीवर सहज रंगवता येतात. एका उन्हाळ्यानं हवामानबदल सिद्ध होत नाही, त्यासाठी अनेक दशकांचा कल बघावा लागतो, हेही त्यातून आपोआप कळतं. समोर उभं राहून माणूस आपलं जन्मवर्ष शोधतो, मग मुलाचं. आणि मग तो बोलायला लागतो.

माझ्या मते तरुणांचं खरं काम इथून सुरू होतं. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनात १० ते १४ वर्षांच्या मुलांना वन्यजीवांच्या उदाहरणांतून हवामानबदल शिकवला गेला आणि सोबत घरच्या मोठ्यांची मुलाखत घ्यायला सांगितलं. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात पालकांचीही काळजी वाढलेली दिसली. सर्वाधिक फरक पडला तो वडिलांमध्ये आणि या विषयाकडे पाठ फिरवणाऱ्या पुराणमतवादी पालकांमध्ये. मुलींचा प्रभाव मुलग्यांपेक्षा जास्त होता. मुलाखत या शब्दाकडे लक्ष द्या. त्यात भाषण नव्हतं, विचारणं आणि ऐकून घेणं होतं.

आपल्याला वाटतं, लोकांना हवामानबदलाची पर्वाच नाही. १२५ देशांतल्या सुमारे १ लाख ३० हजार लोकांच्या पाहणीतून २०२४ साली वेगळंच चित्र पुढे आलं. उत्पन्नाचा १ टक्का तापमानवाढ रोखण्यासाठी द्यायला ६९ टक्के लोक तयार होते. पण "तुमच्या देशातले किती जण तयार होतील?" या प्रश्नावर त्यांचा अंदाज सरासरी ४३ टक्क्यांचाच होता. म्हणजे काळजी घरोघरी आहे, फक्त शेजाऱ्याला ती आहे हे आपल्याला ठाऊक नाही. आपण गप्प, म्हणून तोही गप्प.

ही शांतता मुलांना सर्वांत जड जाते. दहा देशांतल्या १६ ते २५ वयाच्या १० हजार जणांना २०२१ च्या एका पाहणीत विचारलं, तेव्हा ५९ टक्के जण खूप किंवा अतिशय चिंतेत होते. इतरांशी याबद्दल बोललेल्यांपैकी जवळपास निम्म्यांचा अनुभव होता की त्यांना उडवून लावलं किंवा दुर्लक्ष केलं. हे वाचून मला वाईट वाटतं. आज पंधरा वर्षांचं असलेलं मूल या शतकाच्या अखेरीस नव्वदीत असेल. आपण २१०० सालाबद्दल तक्त्यातला शेवटचा रकाना म्हणून बोलतो, त्याच्यासाठी ते आयुष्यातलं एक वर्ष आहे.

आणि बोलणं कुठवर पोहोचू शकतं? २०१९ साली प्रशांत महासागरातल्या बेटांवरच्या दक्षिण प्रशांत विद्यापीठातल्या कायद्याच्या २७ विद्यार्थ्यांनी ठरवलं, की हवामानबदलाचा प्रश्न आंतरराष्ट्रीय न्यायालयापुढे न्यायचा. मार्च २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं त्यासाठीचा ठराव एकमतानं संमत केला. २३ जुलै २०२५ रोजी न्यायालयानं मत दिलं, की हवामानाचं रक्षण करणं हे देशांचं कायदेशीर कर्तव्य आहे. या विद्यार्थ्यांनी सुरुवात केली होती ती आपल्याच भागातल्या बेटांच्या नेत्यांना पत्रं लिहून. त्यांचा प्रश्न हाती घेऊन पुढे आला तो वानुआतू, समुद्राच्या वाढत्या पातळीशी झुंजणारा छोटासा देश.